पाखरांची सावड ओळखणारे डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली हे आपल्या भारतातले फार मोठे पक्षिशास्त्रज्ञ होऊन गेले. पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे पाखरांचा अभ्यास करणारा माणूस. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. सगळ्या भावंडांत ते धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही वारली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीच्या घरी वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या पोरक्या मुलांना काही कमी पडू दिले नाही.

मामांना शिकारीची आवड होती. छोट्या सलीमजवळ छऱ्यांची बंदूक होती. एकदा त्याने एक चिमणी मारली. हातात घेऊन बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! घरातल्या चिमण्यांना तर असा ठिपका नसतो. मग ही चिमणी कोणती? मामांनाही ते सांगता येईना. त्यांनी सलीमला चिठ्ठी दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तिथे मिलार्ड नावाचे साहेब होते. सलीम आधी घाबरला होता. पण साहेबांनी त्याला रागावले नाही. त्यांनी चिमणीचे नाव सांगितले. मग कपाटे उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. तेव्हापासून सलीमला पाखरांचा नाद लागला तो कायमचाच.

पुढे ते कामधंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथेही त्यांचे लक्ष रानातच जास्त. परत आल्यावर १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली. त्याचे नाव आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. मग ते जास्त शिकायला जर्मनीला गेले. १९३० साली परत येऊन बघतात तर नोकरी गेलेली. दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. पण ते दोघे अलिबागजवळ किहीम गावी समुद्रकाठी राहायला गेले. तिथे सुगरणीची घरटी होती. सलीम अली रोज ती बघत बसले. त्यांनी शोधून काढले की घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन आतबाहेर तपासते. तिला पसंत पडले तरच ती राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसरे घरटे विणायला घेतो. आपण त्या पाखराला सुगरण म्हणतो, पण खरा कारागीर बाप्याच आहे!

नंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत हिंडून पक्ष्यांची नोंद केली. तेहमिनाबाईही बरोबर जायच्या. १९३९ साली त्या वारल्या. सलीम अलींना फार दुःख झाले, पण काम त्यांनी सोडले नाही.

रानात हिंडणाऱ्याला एक गंमत दिसते. बराच वेळ चाललं तरी एक पाखरू दिसत नाही. सगळीकडे सामसूम. आणि एकदम समोरची झाडं पाखरांनी गजबजून जातात. तीही एका जातीची नाहीत. त्यांत नाचण, निखार, रामगंगा, सुतार, कोतवाल, भृंगराज असे कितीतरी असतात. सगळे मिळून या झाडावरून त्या झाडावर जातात. थोड्या वेळात रान पुन्हा सामसूम. याला मिश्र थवा म्हणतात. सलीम अलींनी आपल्या ग्रंथांत कोणता पक्षी अशा थव्यात सामील होतो, तेही लिहून ठेवले आहे.

आता प्रश्न असा, की वेगवेगळ्या जातीची पाखरं एकत्र का येतात? त्यांची बोली वेगळी, घरटी वेगळी. मग त्यांचं जमतं कसं?

पहिलं कारण पोटाचं. किडे पानांच्या आड लपून बसतात. नाचण शेपूट पसरून फांदीवर नाचतो, तेव्हा किडे घाबरून उठतात. काही त्याला मिळतात, काही उडतात. उडालेले कोतवाल हवेतच टिपतो. आपल्या शेतात नांगर चालू असला की मागे बगळे, साळुंक्या, कोतवाल येतात, तसंच हे. नांगर माती उलटतो आणि पाखरांचं जेवण होतं.

दुसरं कारण जिवाचं. वरून शिकरा कधी झडप घालील याचा नेम नाही. एकटं पाखरू किडे शोधील का आभाळाकडे बघील? थव्यात पुष्कळ डोळे असतात. एकाने शिकरा बघून ओरड केली की सगळे सावध होतात. दुसऱ्या जातीची ओरडसुद्धा त्यांना समजते.

मग एकाच जातीचे पुष्कळ पक्षी का नकोत? तर सगळ्यांचं खाणं आणि जागा एकच झाली की ओढाताण होते. मिश्र थव्यात वाटणी आधीच झालेली असते. सुतार खोड टोकरतो. रामगंगा पानं धुंडाळते. निखार शेंड्याला असतो आणि कोतवाल हवेत सूर मारतो. कुणी कुणाच्या ताटातलं घेत नाही, आणि राखण मात्र सगळ्यांची होते. आपल्याकडे शेतकरी सावड करतात ना? आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. तशी ही पाखरांची सावड आहे. विणीचे दिवस आले की बहुतेक पाखरं आपापल्या जोडीने घरट्याकडे जातात. पिल्लं मोठी झाली की पुन्हा थवा जमतो.

या सावडीत एक लबाडही आहे, तो म्हणजे भृंगराज. तो कोतवालाचाच भाऊबंद. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे गोंडे. तो चांगली राखण करतो आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कलही करतो. पण कधी कधी दुसऱ्याने पकडलेला किडा हिसकावून घेतो. तरी थवा त्याला बरोबर ठेवतो. राखणदार म्हटला की थोडी मजुरी द्यावीच लागते.

त्या काळी अभ्यासासाठी पक्षी मारून संग्रहात ठेवत. सलीम अलींनाही ते करावे लागले. मेलेल्या चिमणीवरून तिचे नाव कळले हे खरे. पण चिमणी कोणाबरोबर हिंडते, कोणाची ओरड ऐकून लपते, हे मेलेल्या चिमणीवरून कधीच कळत नाही. त्यासाठी ती जिवंत पाहिजे, आणि तिचे सोबतीही जिवंत पाहिजेत. म्हणून ते गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन म्हातारपणापर्यंत रानात हिंडत राहिले.

राजस्थानात भरतपूरला मोठी पाणथळ जागा आहे. तिथे पूर्वी राजे आणि इंग्रज साहेब शिकार करीत. १९३८ साली तिथे एकाच दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. सलीम अलींनी ती जागा वाचवण्यासाठी खूप खटपट केली. पावसाळ्यात तिथे एकाच बाभळीवर चित्रबलाक, पाणकावळे आणि बगळे शेजारी शेजारी घरटी करतात. १९८५ साली त्या जागेला जागतिक वारशाचा मान मिळाला.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे चित्रांचे पुस्तक निघाले. ते बघून साध्या माणसांनाही पक्षी ओळखता येऊ लागले. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी १० खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण दिले. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले.

मुलांनो, बेचकीने एक पाखरू पाडलं तर एकच पाखरू गेलं असं वाटतं. पण ते पाखरू थव्याचं राखणदार असलं तर? मग बाकीच्यांना शिकरा आला हे कोण सांगणार? आणि इथे आलेल्या पालकांना एक विनंती आहे. थवा झाडावरून झाडावर जातो. मधली झाडं तुटली की त्याची वाटच मोडते. म्हणून बांधावरची बाभूळ, लिंब आणि ओढ्याकाठचा उंबर राहू द्या. ती पाखरं आपल्या पिकावरचे किडेसुद्धा खातात. म्हणजे त्यांच्या सावडीत आपणही आहोतच.

अशा या थोर पक्षिमित्राला आम्हा मुलांचे वंदन!

— इयत्ता चौथी