विश्लेषण : सांताक्लॉजच्या भेटींमागे तीन मुलींचा हुंडा? कोण होते संत निकोलस?

लाल डगला, पांढरी दाढी, रेनडिअरची गाडी आणि उत्तर ध्रुवावरचे घर ही सांताक्लॉजची ओळख. पण ज्या माणसावरून तो घडला, ते संत निकोलस भूमध्य समुद्राच्या उबदार किनाऱ्यावर राहणारे बिशप होते. त्यांच्या नावावर सांगितली जाणारी पहिली भेटही खेळणी किंवा खाऊची नव्हती, तर लग्नाच्या हुंड्याची होती.

निकोलस कोण होते?

आजच्या तुर्कीच्या दक्षिण किनाऱ्यावर तेव्हा लिशिया हा रोमन प्रांत होता. परंपरेनुसार तेथील पतारा या बंदरात तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, एका सधन घरात निकोलस यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले आणि मोठी संपत्ती तरुण वयात हाती आली. पुढे ते जवळच्या मायरा शहराचे बिशप झाले. ख्रिस्ती धर्मीयांचा छळ करणाऱ्या सम्राट डायोक्लेशियनच्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला, असे परंपरा सांगते. चौथ्या शतकाच्या मध्यास ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले, असे मानले जाते. त्यांच्या हातची एक ओळही आज उरलेली नाही आणि त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले गेले ते तब्बल चार-पाच शतकांनी. त्यामुळे इतिहास कुठे संपतो आणि आख्यायिका कुठे सुरू होते, ही रेघ पुसटच आहे.

हुंड्याची गोष्ट काय?

एका गृहस्थाचे दिवस फिरले. घरात लग्नाच्या तीन मुली, पण हुंड्याला दमडी नाही. त्या काळी अशा मुलींपुढे उरणारा मार्ग वेश्याव्यवसायाचा होता आणि बापाचा विचार त्याच दिशेला वळला होता. निकोलस यांच्या कानावर हे गेले. एका रात्री त्यांनी सोन्याच्या नाण्यांची थैली त्या घराच्या खिडकीतून आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. काही दिवसांनी दुसरी थैली आली. तिसऱ्या वेळी मात्र बाप जागा राहिला, धावत गेला आणि त्याने त्यांना गाठलेच. निकोलस यांनी त्याच्याकडून एकच वचन घेतले: आपण हयात असेपर्यंत याची वाच्यता करायची नाही.

मुले झोपल्यावर गुपचूप येणारी भेट, देणारा अदृश्य, या प्रथेचे मूळ या गोष्टीत शोधले जाते. नाणी वाळत घातलेल्या मोज्यात पडली, हा तपशील मात्र नंतरचा. शहाण्या मुलांनाच बक्षीस हा नियमही मूळ कथेत नाही; तिथे मुलींचे वागणे कोणी तपासले नाही, त्यांची गरज पाहिली.

ते युरोपभर कसे पोहोचले?

समुद्रमार्गे! निकोलस हे खलाशांचेही पाठीराखे संत. अकराव्या शतकात मायराचा परिसर सेल्जुक तुर्कांच्या ताब्यात गेला. १०८७ मध्ये इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी त्यांच्या अस्थी तेथून उचलून नेल्या. स्पष्टच बोलायचे तर ही चोरी होती. पण बारीला मोठे तीर्थक्षेत्र मिळाले आणि ही भक्ती पश्चिम युरोपात वेगाने पसरली. ६ डिसेंबरच्या आसपास मुलांना भेटी देण्याची रीत पडली.

मग ६ डिसेंबरचा नाताळ कसा झाला?

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने संतपूजेला विरोध केला. जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी भेटी देण्याचा मान संताकडून काढून बाळ ख्रिस्ताला दिला आणि दिवसही नाताळकडे सरकला. डचांनी मात्र आपला ‘सिंटरक्लास’ सोडला नाही. या डच नावावरूनच अमेरिकेत ‘सांताक्लॉज’ झाला. न्यूयॉर्क ही मुळात डचांची वसाहत. तिथे १८०९ मध्ये वॉशिंग्टन आयर्विंग यांनी आपल्या विनोदी इतिहासग्रंथात निकोलस यांना आणले. १८२३ मध्ये ट्रॉय शहरातील एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेने त्यांना आठ रेनडिअर दिले आणि नाताळच्या आदल्या रात्री धुराड्यातून घरात उतरवले. १८६३ पासून व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी गुबगुबीत रूप रेखाटले. लाल डगला कोका-कोलाने दिला हा समज चुकीचा आहे. कंपनीची ती गाजलेली चित्रे १९३१ पासूनची, लाल सांता त्याआधीचा.

नेदरलँड्समध्ये आजही ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी दिल्या जातात. तिथला सिंटरक्लास सडसडीत आहे, घोड्यावरून येतो आणि त्याच्या डोक्यावर बिशपची उंच टोपी असते.