मोतीबिंदू, अंधत्व आणि एक दहा अंकी संख्या

२,१४,७४,८३,६४७. दोन हा आकडा एकतीस वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा, की ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. हे १७७२च्या सुमारास लेओनार्ड ऑयलर यांनी सिद्ध केले, तेव्हा ते जवळजवळ पूर्ण अंध होते.

ऑयलर यांचा जन्म १७०७चा, स्वित्झर्लंडमधील बाझेलचा. विसाव्या वर्षी ते रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले. १७३५ मध्ये त्यांना जिवावर बेतणारा ताप आला आणि पुढे तीनेक वर्षांत उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याचा दोष ते नकाशांच्या बारीक कामाला देत. पण अशा कामाने डोळे थकतात, दुखतात. दृष्टी जात नाही. संसर्ग हेच कारण अधिक संभवते.

मधली पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ मध्ये ते रशियात परतले. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसूही लागले. मग डोळ्यात संसर्ग झाला आणि तीही दृष्टी गेली. रोगजंतू, निर्जंतुकीकरण, प्रतिजैविके हे सारे तेव्हा वैद्यकाला अज्ञात होते.

गणित मात्र थांबले नाही. ऑयलर तोंडी सांगत, मुलगा आणि सहकारी लिहून घेत. या दहा अंकी संख्येची तपासणी सरधोपटपणे करायची, तर ४६,३४१ पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ऑयलर यांनी दाखवले, की तिला एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरेल. त्यामुळे तपासायच्या मूळ संख्या शंभराहूनही कमी उरल्या. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही. पुढे अनेक दशके ही ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

हीच संख्या आज अनेक संगणकांत ३२ बिटांत चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणून वापरात आहे. ऑयलर यांच्या आठशेहून अधिक लेखनकृतींपैकी जवळपास निम्म्या १७६६ नंतरच्या आहेत. १८ सप्टेंबर १७८३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज थोड्या वेळात होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर आजही घातक ठरू शकतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा अंधूक दिसू लागले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ऑयलर यांच्या काळी नसलेले उपचार आज आहेत, मात्र ते वेळेत व्हायला हवेत.