सयाजीराव महाराज आणि लहान मुलांची शाळा

बडोदे शहरातून विश्वामित्री नदी ओलांडून पश्चिमेस गेले की अकोटा लागते. आज तो शहराचाच एक गजबजलेला भाग आहे. परंतु नावाच्या दृष्टीने पाहिले तर अकोटा थोरला आणि बडोदे धाकटे. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात बडोद्याचा उल्लेख अंकोट्टक नावाच्या चौऱ्यांशी गावांच्या विभागातील एक खेडे म्हणून आला आहे. ते अंकोट्टक म्हणजेच हे अकोटा. येथील मातीत सापडलेल्या जुन्या जैन मूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. ते संग्रहालय १८९४ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी स्थापन केले, आणि अकोट्यातील मोठ्या सभागृहालाही त्यांचेच नाव आहे.

संग्रहालये व सभागृहे पुष्कळ राजांनी बांधली. या मराठी राजाने केलेले एक काम मात्र हिंदुस्थानात त्याच्या आधी कोणी केले नव्हते. आपल्या राज्यातील प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने शाळेत आलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले. मूल शाळेत आल्यावर त्याला काय शिकवायचे, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, आणि तो आपल्यापुढेही उभा आहे. शब्बाथशाळेचे शिक्षक व घरोघरचे आईबाप यांनी या राजाचे चरित्र त्या दृष्टीने वाचावे.

शेतातून सिंहासनावर

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या गावी काशीराव गायकवाड यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळराव. घर गायकवाडांच्या दूरच्या शाखेचे, पण राहणी शेतकऱ्याची. गुरेढोरे, विहीर, शिवार हेच त्या मुलाचे जग होते. वयाची बारा वर्षे होईपर्यंत त्याला लिहिता वाचता येत नव्हते.

१८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने गादीवरून दूर केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी या मुलाला दत्तक घेतले. २७ मे १८७५ रोजी गोपाळरावाचे सयाजीराव झाले. गावातली पोरे अजून सुगीच्या गोष्टी करीत असतील, आणि इकडे त्यांच्यातला एक जण राजवाड्यात अ आ इ गिरवायला बसला.

इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते. दिवाण सर टी. माधवराव यांनीही राज्यकारभाराचे धडे दिले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा भाषा त्यांना शिकाव्या लागल्या. त्याबरोबर घोड्यावर बसणे, कुस्ती व कसरत हेही होतेच. सहा वर्षांत हा मुलगा इतका तयार झाला की २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती देण्यात आली. अक्षरशत्रू असण्याची लाज आणि अक्षर ओळखण्याचा आनंद या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. पुढे शाळेविषयी त्यांनी जो आग्रह धरला, त्याचे मूळ या अनुभवात शोधावे लागते.

घरात आलेले दुःख

१८८० साली तंजावरच्या राजघराण्याशी संबंध असलेल्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरचे तिचे नाव चिमणाबाई. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, क्षयरोगाने ती वारली. फत्तेसिंहराव हा तिचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा तिच्याच नावाने उभा आहे. क्षयाचा जंतू जर्मनीत कॉख यांनी १८८२ सालीच ओळखला होता, परंतु त्यावर खरे औषध निघायला आणखी साठ वर्षे लागायची होती. तोपर्यंत या रोगापासून वाचण्यासाठी माणसाच्या हाती काय होते? मोकळी हवा, उजेड, चांगले अन्न, आणि वाटेल तेथे न थुंकण्याची सवय. अशा सवयी मोठेपणी लागत नाहीत, त्या लहानपणीच लागतात.

महाराजांची स्वतःची प्रकृतीही बिघडली. तरुण वयात त्यांनी कामाचा इतका भार घेतला की झोप नाहीशी झाली. १८८७ साली डॉक्टरांच्या सल्ल्याने ते युरोपात गेले. समुद्र ओलांडणे हे तेव्हा धर्मबाह्य समजले जात असे, तरीही ते गेले आणि पुढे अनेकदा गेले. ते तेथे विश्रांतीसाठी गेले होते, पण त्यांचे डोळे विश्रांती घेत नव्हते. तिकडच्या शाळा, दवाखाने, ग्रंथालये त्यांनी पाहिली. इंग्लंडात तेव्हा लहान मुलांचे शिक्षण सक्तीचे होऊन फार वर्षे झाली नव्हती. जे तेथील मजुराच्या मुलाला मिळते, ते कवळाण्याच्या किंवा अमरेलीच्या मुलाला का मिळू नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला.

अमरेलीचा प्रयोग

१८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. एकदम सर्व राज्यभर हुकूम सोडला नाही; आधी थोडी गावे घेतली आणि काय अडते ते पाहिले. अडचणी पुष्कळ होत्या. मूल शाळेत गेले तर गुरे कोणी राखायची? धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे? मुलीला शिकवून काय करायचे? तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ साली, सक्तीचा कायदा सर्व संस्थानाला लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा होती. जे पालक मूल पाठवीत नसत त्यांना दंड होई.

मुलींची मर्यादा मुलांपेक्षा कमी का ठेवली, हे त्या काळाकडे पाहिले म्हणजे समजते. दहा वर्षांची मुलगी म्हणजे लग्नाची मुलगी. म्हणून शाळेचा कायदा एकट्याने पुरा पडणारा नव्हता. १९०४ साली महाराजांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला आणि लग्नाचे किमान वय मुलीला बारा व मुलाला सोळा ठरविले. आजच्या मानाने ही वये फारच लहान आहेत. पण त्या दिवसांत या कायद्यावरही मोठी ओरड झाली. मुलीचे शरीर, तिचे आरोग्य आणि तिची शाळा या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे या दोन कायद्यांवरून दिसते.

बडोद्याचे उदाहरण पुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. ते फेटाळले गेले. सर्व देशातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला तो १ एप्रिल २०१० पासून. अमरेलीच्या प्रयोगानंतर मध्ये ११७ वर्षे गेली.

पुस्तकापलीकडे

केवळ पाढे व वाचन म्हणजे शिक्षण नव्हे, हे महाराजांना ठाऊक होते. शहरापासून दूर आजवा येथे मोठा तलाव बांधून त्यांनी बडोद्याला नळाचे पाणी आणले. स्वच्छतेचा धडा मुलाला द्यायचा तर आधी घरात स्वच्छ पाणी हवे. बडोद्यात आखाड्यांची जुनी परंपरा होती. जुम्मादादांच्या तालमीत तयार झालेले माणिकराव यांनी तेथे व्यायामाची शाळाच उभी केली आणि कितीतरी मुलांना शरीर सांभाळण्याचे वळण लावले. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी सोय झाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. शाळेत शिकलेले अक्षर पुसून जाऊ नये म्हणून ही योजना होती.

राजवाड्यातही बदल झाला. दुसऱ्या महाराणी चिमणाबाई यांनी पडदा सोडला आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले.

इतके करूनही स्वतःच्या घरात महाराजांना यश आले नाही, हे चरित्रकारांनी झाकून ठेवलेले नाही. मुलांना उत्तम शिक्षक दिले, इंग्लंड व अमेरिकेतील विद्यापीठांत पाठविले. तरीही त्या घरात मद्याचे व्यसन शिरले. फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये व जयसिंहराव १९२३ मध्ये वारले. तीन मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. पदवी मिळविणारा तरुण स्वतःला आवरायला शिकलेला असतोच असे नाही. तो धडा वेगळा आहे आणि तो फार आधी द्यावा लागतो.

शेजाऱ्याचा धडा

राज्य हाती घेतल्यानंतर लवकरच महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या. तेथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांनी हे काम अंगावर घेतले. भीमराव आंबेडकर या तरुणाला महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. करारानुसार नोकरीसाठी तो १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास परतला. त्यानंतर काय घडले ते डॉ. आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

परदेशातून विद्वान होऊन आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. नाव बदलून तो पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्याला जागा सोडावी लागली. त्याचे शहरात दोन मित्र होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुला ठेवले तर घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितले की उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारून कळवितो. ते घराणे मूळचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाल्यावर पतीचे विचार उदार झाले होते, पत्नीचे मात्र जुनेच राहिले होते. मित्राला उत्तराचा अर्थ समजला. काही तास बागेत घालवून त्याने रात्रीची मुंबईची गाडी धरली.

वाचकहो, हा प्रसंग आपल्या मंडळीने विसरू नये. त्या वेळी बडोद्यात सक्तीचे शिक्षण सुरू होऊन अकरा वर्षे झाली होती. राजा अनुकूल होता, कायदा अनुकूल होता, पैसाही दिला होता. अडले ते घराच्या उंबरठ्यावर, आणि त्यातला एक उंबरठा आपल्यापैकी एकाचा होता. बाप्तिस्म्याने नाव बदलले, तरी लहानपणी जेवणाच्या पंक्तीत शिकलेला भेद मनातून गेला नव्हता. राजाज्ञेने मूल शाळेत आणता येते; शेजाऱ्याला घरात घ्यायला मात्र कोणताही हुकूम शिकवू शकत नाही. ते शिक्षण लहान वयात, सोबत बसून, सोबत खाऊनच होते.

आज जगभर प्राथमिक शाळांत या विषयाला स्वतंत्र स्थान मिळू लागले आहे. इंग्लंडात सप्टेंबर २०२० पासून सर्व प्राथमिक शाळांत माणसामाणसांतील नात्यांचे शिक्षण सक्तीचे आहे, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत आरोग्याचेही. आपले शरीर आपले आहे, कोणी नकोसा स्पर्श केला तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावे, राग आला तर काय करावे, आपल्याहून वेगळ्या मुलाशी कसे वागावे, असे त्याचे धडे असतात. हे धडे आपल्या शब्बाथशाळेत देण्यास कोणाची परवानगी हवी आहे? वर्गाआधी हात धुणे, एकाच चटईवर सर्वांनी बसणे, डबा वाटून खाणे, कोणा मुलाला त्याच्या जातीवरून, रंगावरून किंवा व्यंगावरून हाक मारू न देणे, घाबरलेल्या मुलाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. आणि मुलाला जे वर्गात शिकविले ते घरी आईबापांच्या वागण्यात दिसावे, नाहीतर रविवारचा धडा सोमवारी पुसला जातो.

सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस वारले. गादीवर त्यांचे नातू प्रतापसिंहराव बसले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात सुरू झाले. अक्षरापासून वंचित राहिलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने लाखो मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणले. त्या दाराच्या आत गेल्यावर ती एकमेकांची शेजारी व्हावीत, हे राहिलेले काम मात्र कोणा राजाचे नव्हते. ते शिक्षकांचे, आईबापांचे आणि मंडळीचे आहे.