पोथीचा हिशेब चोख ठेवणारे एकनाथ महाराज

गावोगाव हरिनाम सप्ते होतात. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण चालते, काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद घेऊन मंडळी पांगतात. पण जी पोथी आपण पुढ्यात घेऊन बसतो, ती नीटनेटकी आपल्या हाती कशी आली, याचा विचार फारसा कोणी करत नाही. त्यामागे पैठणच्या एकनाथ महाराजांची मेहनत आहे.

नाथांचा जन्म पैठणला इ. स. १५३३ च्या सुमारास झाला. पणजोबा भानुदास मोठे विठ्ठलभक्त. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनीच पंढरीला परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आईवडील नाथांच्या लहानपणीच वारले. आजोबा चक्रपाणी यांनी पोराला वाढवले. पुराण ऐकण्याची गोडी त्याला तेव्हापासूनच लागली आणि गुरूच्या शोधात ते पोर देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले.

एका पैची चूक

जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्यावरचे अधिकारी आणि दत्तभक्त होते. त्यांनी नाथांना पहिल्याच दिवशी मंत्र देऊन मोकळे केले नाही. सेवा करून घेतली, जमाखर्चाच्या वह्या हातात दिल्या. एकदा हिशेबात एका पैचा फरक येऊ लागला. नाथ रात्रभर दिव्याजवळ वह्या चाळत बसले. उत्तररात्री चूक सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागेच होते. एका पैसाठी जे मन इतके एकाग्र होते, ते ईश्वराकडे लावले तर काय होईल, हे त्यांनी शिष्याला समजावले, अशी ही कथा परंपरेने सांगतात. पुढे त्यांच्याच हाताखाली नाथांनी ज्ञानेश्वरी आणि भागवताचा अभ्यास केला.

पैठणला परतून नाथांनी संसार थाटला. रोजचे पुराण, कीर्तन आणि लेखन सुरू झाले. भागवताचा अकरावा स्कंध संस्कृतात होता, तो त्यांनी मराठी ओव्यांत विस्ताराने उलगडला. सुमारे अठरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण झाला. देवाची गोष्ट प्राकृत भाषेत का सांगता, म्हणून पंडितांनी विरोध केला. पण ग्रंथ पाहिल्यावर काशीतच त्याचा सन्मान झाला, असे परंपरा सांगते.

ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत

नाथांचे सर्वांत मोलाचे काम मात्र पुढे झाले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. त्यानंतर तीनशे वर्षे ती हातानेच उतरवली जात होती. उतरवणाऱ्याच्या हातून शब्द सुटायचे, कोणी कळत नाही म्हणून बदल करायचे, कोणी आपल्याच ओव्या मध्ये घालायचे. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याचा काळ आठवा. गट नंबरातला एक आकडा चुकला की शेतकऱ्याला तहसीलचे हेलपाटे बसायचे, आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक नकलेत जायची. पोथीचेही तसेच झाले होते.

नाथांनी पाठ ताडून पाहिले, चुका काढल्या आणि शके १५०६, म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी, पण माउलींच्या ग्रंथात त्यांनी आपली भर घातली नाही आणि पुढे कोणीही घालू नये, असे बजावून ठेवले. भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते, ती याच कामाच्या आठवणीने.

कचेरीच्या भाषेत भक्ती

इतका अभ्यास केलेला माणूस पंडितांच्या सभेतच रमला असता. नाथ बाजारात आले. गोंधळी, जोशी, वासुदेव, विंचू उतरवणारा अशा सगळ्यांच्या तोंडी त्यांनी भारुडे घातली. कचेरीत काम करणाऱ्यांनी त्यांचे अर्जदस्त हे भारूड जरूर ऐकावे. त्यात शरीर हा परगणा, जीव हा शेकदार आणि बुद्धी हा कारकून आहे. सरकारी अर्जाच्या थाटात नाथ माणसाच्या आयुष्याची तक्रार देवापुढे मांडतात. जनार्दनस्वामींच्या दप्तरात शिकलेली भाषा इथे कामी आली.

वाचलेले आचरणातही उतरले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले मूल गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडत होते, ते नाथांनी कडेवर घेऊन घरी पोचवले. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला तीर्थाची कावड पाजली. या गोष्टी आजी नातवाला सांगते. पण त्यापायी पैठणात नाथांना बोलणी खावी लागली, हे विसरू नये. खुद्द मुलगा हरिपंडित संस्कृताचा कैवारी. वडील मराठीत पुराण सांगतात म्हणून तो रुसून काशीला गेला होता, असे सांगतात. पुढे त्यालाही वडिलांचे म्हणणे पटले.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीला पैठणला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव आहे. कालव्याच्या पाण्यावर रान भिजवताना ते नाव आपल्या तोंडी येतेच.

तेव्हा यंदाच्या सप्त्यात मंडळींनी एक करून पाहावे. रोजचे वाचन संपले की तासभर बसावे. ज्या ओवीचा अर्थ लागला नाही, ती गावातल्या जाणत्या माणसाला विचारावी. त्यालाही येत नसेल तर दुसऱ्या दिवशी कीर्तनकार बुवांना विचारावी. अडलेली ओवी तशीच सोडून पान उलटू नये. एका पैसाठी नाथ रात्रभर जागले होते, आपल्याला एक तास जड नाही.