परिचारिकेचीं पावलें

दिग्रससारख्या तालुक्याच्या गांवीं रुग्णालयाच्या इमारतीचा विषय निघाला कीं खाटा किती, डॉक्टर किती आणि खर्च किती, एवढीच चर्चा होते. पाण्याचा नळ रोग्याच्या खाटेपासून किती पावलांवर असावा, हें कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे, हें ज्यांनीं जन्मभर दाखवून दिलें, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची आपल्याकडे ओळख आहे ती हातीं दिवा घेतलेली दयामूर्ति एवढीच. ती आम्हांस अपुरी वाटते.

बाईंचा जन्म १८२० सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं, एका सधन इंग्रज कुटुंबांत झाला. परिचर्येचें काम कुलीन स्त्रीस कमीपणा आणणारें, अशी त्या काळची समजूत. घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षें सोसून त्यांनीं १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्सव्हर्थ येथें शिक्षण घेतलें. १८५३ सालीं लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेची व्यवस्था त्यांजकडे आली. तेथें त्यांनीं मागितलें तें काय? प्रत्येक मजल्यावर नळानें ऊन पाणी, जेवण वर चढविणारें यंत्र, आणि कोणत्या रोग्यानें बोलाविलें हें पाहतांच कळेल अशी घंटांची योजना. यांवांचून परिचारिकेचा दिवस जिन्यांवरच खर्ची पडतो, हें त्यांनीं क्रिमियाचें युद्ध पाहण्यापूर्वींच ताडलें होतें.

१८५४ सालीं ३८ स्त्रियांसह त्या स्कूटारीस गेल्या. ती कथा सर्वश्रुत आहे. बराकींचेंच केलेलें तें रुग्णालय, आणि खाटांच्या रांगा लांबच लांब ओसऱ्यांतून पसरलेल्या! परत आल्यावर १८५९ सालीं त्यांनीं रुग्णालयांच्या रचनेवर पुस्तक लिहिलें. दर २ खाटांमागें निदान एक खिडकी, एका दालनांत सुमारें ३० रोगी, परिचारिकेच्या खोलीस दालनाकडे उघडणारी खिडकी, म्हणजे बसल्या जागेवरून सर्वांवर नजर. अनेक लहान खोल्यांपेक्षां एक मोठें दालन थोड्या परिचारिकांस संभाळतां येतें, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें. लंडनचें सेंट टॉमस रुग्णालय १८७१ सालीं याच धर्तीवर उभें राहिलें.

हिंदुस्थानांत बाई कधींच आल्या नाहींत. तथापि १८६३ सालच्या लष्करी आरोग्य कमिशनसाठीं येथील छावण्यांचे अहवाल त्यांनीं बारकाईनें तपासले. नळांऐवजीं भिस्त्याच्या पखालीवर चाललेलीं रुग्णालयें त्यांच्या टीकेंतून सुटलीं नाहींत. पुण्याच्या सार्वजनिक सभेशींही त्यांचा पत्रव्यवहार होता. १९१० सालीं, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या वारल्या.

त्यांचें दालन जसेंच्या तसें उचलावें, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें आडपडदा नाहीं, आणि आमच्या बायाबापड्यांस त्याची गरज मोठी. संसर्गाचें भयही आहेच. परंतु २०११ सालीं इंग्लंडांत टनब्रिज वेल्स येथें सर्व खोल्या एकेरी असलेलें रुग्णालय सुरू झालें, तेव्हां परिचारिकांचें चालणें वाढल्याचें संशोधकांस आढळलें. रोग्यास मिळालेल्या एकांताचा कांहीं भार असा दुसऱ्याच्या पायांवर पडतो.

महाराष्ट्रांत ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचें असतें, म्हणजे बाईंच्या एका दालनाएवढें. यवतमाळ जिल्ह्यांत यापुढें असें कोणतेंही बांधकाम काढतांना बांधकाम खात्यानें नकाशा प्रथम रात्रपाळीच्या परिचारिकेपुढें ठेवावा, औषधांचें कपाट, मोरी व तिची बैठक कोठें असावी हें तिला विचारावें, आणि मगच निविदा मागवाव्या, अशी आमची मागणी आहे.