ऐकणं आणि करणं

आजचं वाचन: याकोब २:१४-१७



पंडिता रमाबाईंना ज्ञानाची कमी कधीच नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात लहानपणीच त्यांना हजारो श्लोक पाठ झाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. तरी पुढे त्यांनीच मान्य केलं की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा बाकी होता. तो काही वर्षांनी भेटला.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई आपल्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात गेल्या. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. आईवडील दुष्काळातच उपासमारीने गेले होते, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी घर उभं राहिलं, तेच मुक्ती मिशन. तिथे त्या शिकल्या, कामं शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बाईंनी साध्या मराठीतलं बायबलचं भाषांतर पूर्ण केलं आणि १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

परवा अकोल्याहून अमरावतीला येताना एक आजी गाडीत उभ्या होत्या. मी कानात प्रवचन लावून बसलो होतो. प्रवचन सेवेवरच होतं. मी उठलो नाही.

आज एकच करूया: जे वाचलं, त्यातलं एक काम झोपायच्या आधी करूया.

प्रभू, ऐकलेलं माझ्या हातापायांत उतरू दे. आमेन.