विश्लेषण : हेलन केलर यांनी ‘बोलत्या पुस्तकां’ना आधी विरोध का केला, मग पाठिंबा का दिला?

सातपुड्यातील धडगावसारख्या दुर्गम गावातही आता स्मार्टफोन पोहोचला आहे. अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ सुरू केले, की पडद्यावरील मजकूर फोन मोठ्याने वाचतो. दृष्टिहीन व्यक्ती त्याच्या आधारे स्वतः गाणे लावू शकते, बातम्या ऐकू शकते. घरातील करमणुकीचे यंत्र अंधांनाही वापरता यावे, हा विचार मात्र स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचा. त्यासाठी झटणाऱ्यांत एक मोठे नाव हेलन केलर यांचे. ज्या यंत्रासाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला, ते त्यांना स्वतःला कधीच ऐकू येणार नव्हते.

हेलन केलर कोण होत्या?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात २७ जून १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. १९ महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ मध्ये अ‍ॅन सुलिव्हन शिक्षिका म्हणून घरी आल्या. तळहातावर बोटांनी अक्षरे काढून त्यांनी हेलनला भाषा शिकवली. १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाल्या. १९२४ पासून त्यांनी ‘अमेरिकन फाऊंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेसाठी काम सुरू केले.

त्यांनी रेडिओ कसा अनुभवला?

त्याच वर्षी न्यूयॉर्कमधून बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीचे प्रसारण झाले. केलर यांनी रेडिओच्या ध्वनिक्षेपकातील पडद्यावर बोटे टेकवली आणि कंपनांतून संगीत अनुभवले. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीलाही रेडिओतून काही मिळू शकते, हे त्यातून दिसले.

बोलते पुस्तक म्हणजे काय?

नेहमीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. केलर काम करत असलेल्या संस्थेने रॉबर्ट अर्विन यांच्या पुढाकाराने संथ फिरणारी तबकडी तयार केली. तिच्या एका बाजूवर सुमारे १५ मिनिटांचे वाचन मावू लागले. त्यामुळे अख्खी कादंबरी मोजक्या तबकड्यांत बसू लागली. प्रौढपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल शिकणे जड जाते. त्यांच्यासाठी वाचनाचा दरवाजा पुन्हा उघडला.

मग विरोध का?

तो जागतिक मंदीचा काळ होता. इतके लोक बेरोजगार असताना बोलती पुस्तके ही चैन आहे, असे केलर यांचे मत होते. त्यामुळे निधी गोळा करण्यास त्यांनी सुरुवातीला नकार दिला. १९३५ पर्यंत मात्र ही भूमिका बदलली. त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे पाठपुरावा केला. मंदीत रोजगार देणाऱ्या सरकारी योजनेतूनच ही यंत्रे बनू लागली. १९४२ पर्यंत सुमारे २३ हजार यंत्रे तयार झाली. म्हणजे बेरोजगारांना काम मिळाले आणि अंधांच्या घरी पुस्तकेही पोहोचली. रोजगार की करमणूक, हा पेच अशा रीतीने सुटला.

भारताशी संबंध काय?

१९५५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, केलर आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या. त्यात त्या मुंबईलाही आल्या. तेथे १९५२ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ची स्थापना झाली होती. पुढे या संस्थेने बोलती पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याचे कामही हाती घेतले. केलर यांचे निधन १ जून १९६८ रोजी झाले.

आज काय बाकी आहे?

सेट-टॉप बॉक्सचा मेनू बोलत नसेल, तर वाहिनी शोधायलाही दुसऱ्याचा आधार लागतो. चित्रपटातील मूक प्रसंग समजायला ध्वनिवर्णन लागते, म्हणजे पडद्यावर काय घडते आहे हे सांगणारा आवाज. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये त्याची तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी ध्वनिवर्णन तयार करण्याचा आदेश दिला.

भाषेचा प्रश्न वेगळाच. धडगाव परिसरात अनेक घरांत पावरी बोलली जाते. फोन मराठीत, हिंदीत वाचून दाखवतो; पावरीत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या अंध आजीला फोन बोलतो, पण तिच्या भाषेत बोलत नाही. तिच्यासाठी हे यंत्र अजून मुकेच आहे.